‘आम्ही फक्त चौघंच’ म्हणजे नेमके किती जण?

(आलेलं पत्र थोडं छोटं केलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

‘ताई, माझं वय 27. कल्याणला राहतो, गोदामात कामाला आहे. आम्ही चौघं एकाच चाळीत वाढलो. आधी गर्द (हेरॉइन) पन्नीवर ओढायचो, दोन वर्षांपासून सुई घेतो. बाहेरच्या कुणाबरोबर बसत नाही, आम्ही फक्त चौघंच. सिरिंज कधी कधी एकच असते, पण पाण्याने धुऊन घेतो. एकाची मैत्रीण अधूनमधून येते. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाचा हात सुजला, हॉस्पिटलात रक्त तपासलं तर हिपॅटायटिस सी निघाला. बाकीचे दोघं म्हणतात, त्याला आता बसवायचं नाही. तो म्हणतो, माझ्यामुळे नाही, तुमच्यातल्याच कुणाकडून मला आलाय. आईला अर्धवट माहीत आहे, ती म्हणते सगळ्यांनाच सोड. मी अजून टेस्ट केलेली नाही. एकमेकांवर एवढा विश्वास असताना हे कसं झालं? आणि त्याला तोडावं का?
चौघांतला एक’

प्रिय चौघांतल्या एका,

तुमच्या भांडणात खरं कोण बोलतोय, हे आज कुणीच सांगू शकत नाही. तो नाही, तुम्ही नाही, डॉक्टरही नाही. हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणू शरीरात शिरल्यावर वर्षानुवर्षं गप्प बसतो. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही, भूकही नीट लागते. यकृत खराब व्हायला वीस-वीस वर्षं जातात आणि तोवर माणूस स्वतःला ठणठणीत समजतो. तुमच्या मित्राचा हात सुजला म्हणून त्याचं रक्त तपासलं गेलं, एवढाच त्याच्यात आणि तुमच्यात आज फरक आहे. त्याचा रिपोर्ट आलाय, तुमचे तिघांचे यायचे आहेत. आणि ज्याचं माहीत आहे त्यालाच बाहेर काढायला निघालात, ज्यांचं माहीत नाही ते आत बसणार! हा हिशेब मला काही पटत नाही.

आता ‘एवढा विश्वास असताना हे कसं झालं’ याकडे येते, कारण तुझ्या पत्राची गाठ तिथेच आहे. तू चौघांवर विश्वास ठेवतोस कारण त्यांना लहानपणापासून ओळखतोस. कोण खोटं बोलतो, कोण उधार परत करतो, कुणाच्या घरी काय चाललंय, सगळं तुला ठाऊक. पण विषाणूला तुमची ओळख किती जुनी आहे याच्याशी देणंघेणं नाही. तुमच्यापैकी प्रत्येक जण, तुम्ही तिघं समोर नसताना, आणखी कुणाबरोबर बसला होता का, एवढंच त्याला पुरतं. एखाद्या दिवशी माल मिळाला नाही म्हणून कुणी दुसऱ्याच्या अड्ड्यावर गेला असेल. कुणी गावी गेला असेल आणि तिथल्या ओळखीच्याकडे घेतलं असेल. दोन वर्षांपूर्वी पहिली सुई तुम्हाला शिकवली कुणी? तो माणूस तुमच्या ‘चौघंच’मध्ये नाही, पण त्याची सुई होतीच ना.

आणि ती मैत्रीण. पत्रात तिला एकच ओळ मिळाली, मोजताना तर ती सुटलीच. ती पाचवी आहे. शिवाय बहुतेक ठिकाणी असं दिसतं की बाई असेल तर तिला टोचून देतो तिचा जोडीदार, आणि तेही स्वतःचं झाल्यावर, त्याच सुईने. म्हणजे सगळ्यांत जास्त धोका तिचा. पुरुषांमध्येही क्रम असतोच: ज्याने पैसे काढले तो पहिला, ज्याच्या खिशात काही नाही तो शेवटचा. आठवून बघ, ज्याचा रिपोर्ट आलाय तो तुमच्यात कितव्या नंबरला असायचा. ते आठवलं तर त्याचं ‘तुमच्याकडूनच आलंय’ हे म्हणणं तुला एवढं उद्धट वाटणार नाही.

दोन अड्ड्यांत उठबस असलेला एकच माणूस सगळं जोडून टाकतो. दादरला जसा पश्चिम रेल्वेवाला मध्य रेल्वेवाल्याच्या गर्दीत मिसळतो, तसं. बोरिवलीचा माणूस आणि बदलापूरचा माणूस एकमेकांना कधी भेटलेले नसतात, पण दादर आहे म्हणून एकाच जाळ्यात असतात.

यावर लोकांनी आयुष्य घालून काम केलंय. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बुशविक नावाची वस्ती आहे. तिथे 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सॅम्युअल फ्रिडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुई घेणाऱ्या शेकडो लोकांना विचारलं की तुम्ही कुणाकुणाबरोबर घेता, आणि त्या उत्तरांवरून अख्ख्या वस्तीचा नकाशा काढला. त्या मोठ्या जाळ्याच्या गाभ्यात जे होते त्यांच्यात एचआयव्ही जास्त निघाला. त्यांची स्वतःची सवय किती वाईट वा किती बरी, हे हिशेबात धरल्यावरसुद्धा. साधारण त्याच काळात कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरातही असाच नकाशा काढला गेला. तिथेही लोक सुया वाटून घेत होते, एचआयव्ही असलेली माणसंही होती, पण ती बहुतेक कडेच्या, छोट्या, तुटक घोळक्यांत होती. साथ पसरली नाही. कोलोरॅडोचे लोक काही जास्त शहाणे नव्हते. त्यांचं नशीब एवढंच की जाळ्याचा आकार वेगळा पडला. मला यातली अडचणीची गोष्ट ही वाटते की आपण जाळ्यात कुठे बसलोय हे आत बसलेल्याला दिसत नाही. तुला तुझ्या पुढचा एक माणूस दिसतो, फार तर त्याच्या पुढचा. त्यापलीकडे अंधार.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर मणिपूरचं घे. बर्माच्या सीमेवरून हेरॉइन येत होतं, तरुण पोरं सुई घेत होती, सुई जवळ सापडली तर पोलिसांची भीती, म्हणून एकीवरच भागवत होती. 1989च्या शरद ऋतूपर्यंत त्यांच्या रक्ताच्या नमुन्यांत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या साधारण सहा महिन्यांत निम्म्या नमुन्यांत तो सापडू लागला. सहा महिने! ती पोरंही आपापल्या गल्लीतल्या मित्रांबरोबरच बसत होती, अनोळखी माणसांबरोबर नाही.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ऑस्टिन नावाचं गाव आहे, वस्ती चार हजारांच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. त्या भागात वर्षाला एचआयव्हीचे पाचसुद्धा नवे रुग्ण नसायचे. 2015 साली एका वर्षात 180हून जास्त निघाले. लोक वेदनाशामक गोळी विरघळवून टोचत होते, घरातल्या घरात, भावंडं, नवराबायको, शेजारी. तपास करणाऱ्यांनी विचारलं तेव्हा प्रत्येक रुग्णाने सरासरी नऊ संपर्कांची नावं दिली. आणि यातल्या दहापैकी नऊ जणांना हिपॅटायटिस सी आधीच होता. हे वाक्य परत वाच. हिपॅटायटिस सी सुईतून एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो, म्हणून तो आधी पोहोचतो आणि वाट तयार आहे हे सांगतो. तुमच्या मित्राचा रिपोर्ट हा माझ्या मते तुमच्या चौघांसाठी वेळेवर आलेली सूचना आहे. एचआयव्ही तुमच्यात अजून आला नसेल तर तो न येऊ देण्याची वेळ हीच.

धुण्याबद्दल लिहिलंयस. पाण्याने धुऊन हा विषाणू जात नाही. येल विद्यापीठात सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तावर प्रयोग झाले, त्यात हिपॅटायटिस सीचा विषाणू काही सिरिंजमध्ये 63 दिवसांपर्यंत जिवंत सापडला. आणि फक्त सुई-सिरिंज धरू नकोस. चमचा किंवा झाकण, ज्यातून गाळता तो कापूस, ज्यात सिरिंज खळबळता ते पाण्याचं भांडं, हाताला लागलेलं रक्त, दंडाला बांधायची दोरी. ‘सुई तर प्रत्येकाची वेगळी होती’ असं सांगणारे खूप भेटतात, पण चमचा एकच असतो आणि माल त्यातूनच चौघांत वाटला जातो. घेणारच असशील तर प्रत्येकाचं सगळं वेगळं, प्रत्येक वेळी नवं. अर्धवट काळजीला या विषाणूपुढे फारशी किंमत नाही.

हे ऐकायला सोपं आहे, करायला नाही, ते मला माहीत आहे. कारण सुई वाटून घेणं हे तुमच्यात निष्काळजीपणाने होत नाही, मैत्रीने होतं. एखाद्याला टर्की (नशा न मिळाल्यावर होणारा त्रास) लागलीय, तो घामाने निथळतोय, उलट्या करतोय, तुझ्याकडे एकच सिरिंज आहे. त्या वेळी ‘थांब, नवी आणतो’ म्हणणारा मित्र कसला, असं वाटतं. आणि नवी मागितली तर समोरचा दुखावतो: ‘का रे, माझ्यावर संशय?’ नकार हा अपमान होतो. म्हणून तो प्रश्न ज्या क्षणी येतो त्या क्षणी सोडवायचा नाही, आधीच सोडवून ठेवायचा. एकदा चौघं शुद्धीत असताना, कुणाला टर्की नसताना, तूच म्हण: ‘माझी टेस्ट झालेली नाही. माझ्यात असेल तर तुम्हाला लागायला नको, म्हणून आजपासून माझी वेगळी.’ यात कुणावर आरोप नाही. बोट स्वतःकडे आहे, त्यामुळे समोरच्याला भांडायला जागा उरत नाही. आणि सिरिंजा एकाच्या खिशाच्या भरवशावर ठेवू नका, जास्तीच्या आधीच आणून ठेवा. वापरलेल्या रस्त्यावर किंवा कचऱ्यात फेकू नका, सुई घेणाऱ्यांसाठीच्या केंद्रावर परत द्या, ते कसं शोधायचं हे पुढे सांगते. सकाळी कचरा उचलणाऱ्या बाईच्या हाताला त्या टोचतात.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कार्ल लॅटकिन यांनी एक गोष्ट करून पाहिली. सुई घेणाऱ्यांनाच शिकवलं की आपल्या दोस्तांशी या विषयावर कसं बोलायचं. दोस्तांना किती कळलं ते असो, पण जे बोलायला शिकले त्यांचं स्वतःचं वाटून घेणं कमी झालं. आपणच चारचौघांत एक गोष्ट बोलून बसलो की मग उलट वागायला लाज वाटते, असं मला त्याचं कारण दिसतं. तुमच्यात हे काम करणारा तूच असू शकतोस. पत्र चौघांपैकी तूच लिहिलंस.

तर, त्याला तोडायचं का? नाही. भावनेची गोष्ट बाजूला ठेव, नुसता धोक्याचा विचार केला तरी नाही. तुम्ही त्याला काढलंत म्हणून त्याची टर्की थांबणार नाही. तो उद्या स्टेशनजवळच्या दुसऱ्या घोळक्यात बसेल, तिथे कुणाला त्याचा रिपोर्ट माहीत नसेल, आणि तो सांगणारही नाही, कारण सांगितल्यावर काय होतं ते तुम्ही त्याला दाखवलेलं असेल. तुमच्या जाळ्याला नवी टोकं फुटतील. आणि तुम्हा तिघांत जर तो विषाणू असेलच, तर तो घेऊन तुम्ही निवांत एकाच चमच्यातून घेत राहाल, ‘आजारी होता तो गेला’ या समाधानात. पुढच्या वेळी कुणाला लक्षण दिसलं तर तो तपासायला जाईल का? तपासलं की हाकलतात हे सगळ्यांनी शिकलेलं असेल.

उलट चौघं मिळून उपचार घ्या, आणि त्या मैत्रिणीलाही बरोबर न्या. यामागे पक्कं कारण आहे. हिपॅटायटिस सी पूर्ण बरा होतो, पण देवी-गोवरासारखी त्याची प्रतिकारशक्ती मागे राहत नाही; बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो. एकट्याने 12 आठवडे गोळ्या घेतल्या आणि परत त्याच चमच्यावर आला, तर गोळ्या वाया. मेलबर्नच्या संशोधकांनी सुई घेणाऱ्यांच्या खऱ्या ओळखींच्या जाळ्यावर संगणकात हेच ताडून पाहिलं, तेव्हा एकेकाला सुटं निवडण्यापेक्षा रुग्णाबरोबर त्याच्या मित्रांवरही उपचार करणं जास्त उपयोगी ठरलं. ज्या दोस्तीतून तो पसरला तिचा उपयोग इथे होतो.

आता तपासणीचं. आधी अँटिबॉडी टेस्ट होते. ती पॉझिटिव्ह आली तर कधी ना कधी विषाणू शिरला होता एवढंच कळतं. सुमारे 30 टक्के लोकांचं शरीर त्याला सहा महिन्यांत आपोआप हुसकावून लावतं. म्हणून पुढची आरएनए टेस्ट, म्हणजे विषाणू आत्ता रक्तात आहे का ते सांगणारी, करून घ्यायचीच. तुमच्या मित्राची ती झाली आहे का, हे आधी विचार. नसेल तर त्याला अजून आजार आहे की नाही हेसुद्धा ठरलेलं नाही! असेल तर सोफोसबुविर आणि डाक्लाटास्विर या गोळ्या, यकृत फार बिघडलेलं नसेल तर 12 आठवडे, रोज. शंभरातले 95हून जास्त बरे होतात. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. ‘आधी नशा सोडा, मग गोळ्या देऊ’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घरी येऊ नकोस, दुसऱ्या केंद्रावर जा. नशा चालू असणाऱ्यालाही उपचार द्यावेत असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिपॅटायटिस बी तपासून घे आणि नसेल तर त्याची लस घे, तीन डोस असतात. सीची लस नाही.

एचआयव्हीची टेस्ट सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत होते. आज निगेटिव्ह आली तरी शेवटचं वाटून घेतलेलं अलीकडचं असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा कर, कारण अगदी नवा संसर्ग टेस्टमध्ये दिसत नाही आणि नेमका त्याच आठवड्यांत तो सगळ्यांत जास्त पसरतो. पॉझिटिव्ह आली तरी औषध फुकट आणि आयुष्यभर मिळतं, काम करता येतं, लग्न करता येतं. एचआयव्ही-एड्स कायदा, 2017 प्रमाणे तुझ्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, निकाल कुणाला सांगता येत नाही, आणि त्यावरून नोकरीवरून काढता येत नाही. नव्या सुया देणं-घेणं हा धोका कमी करण्याच्या कार्यक्रमाचा भाग असेल तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. मणिपूरच्या त्या पोरांना 1989 साली हे संरक्षण नव्हतं.

कुठे जायचं हे मी नाव-पत्त्यानिशी छापत नाही, केंद्रं बदलत असतात. 1097 हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा मोफत नंबर आहे. तिथे ‘सुई घेणाऱ्यांसाठीचं केंद्र जवळ कुठे आहे’ असंच सरळ विचार. या केंद्रांवर सुया मिळतात, हाताच्या गळवांवर मलमपट्टी होते आणि तिथे काम करणारी बरीच माणसं एकेकाळी तुझ्या जागी बसलेली असतात. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्था नव्वदच्या दशकापासून हे काम करताहेत. त्यांना तुझी कहाणी नवी नाही, लाजू नकोस.

तिथेच ओएसटी, म्हणजे सुईऐवजी औषध देणारा उपचार, विचार. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रावर जाऊन जिभेखाली ठेवायची. टर्की लागत नाही, नशाही चढत नाही, माणूस गोदामात आठ तास काम करू शकतो. ‘एक व्यसन सोडून दुसरं’ म्हणून नाकं मुरडणारे आपल्याकडे भरपूर आहेत, त्यात काही व्यसनमुक्तीवालेही. मी त्यांच्या बाजूची नाही. सुई बंद झाली की सुईचं जाळंही बंद होतं, आणि एकदा जिवंत, नोकरीवर, घरात राहिलास की गोळी कधी कमी करायची ते डॉक्टरांबरोबर निवांत ठरवता येईल.

आईचं म्हणणं अर्धं खरं आहे. ज्यांच्याबरोबर नशा करतो त्यांच्यापासून लांब राहणं नशा सोडताना उपयोगी पडतं, व्यसनमुक्ती केंद्रातही हेच सांगतील. पण नशा चालू ठेवून फक्त मित्र सोडलेस तर तू अनोळखी लोकांत जाऊन बसशील, किंवा एकटा घेशील. एकट्याने घेताना जास्त झालं तर उठवायलाही कुणी नसतं. म्हणून क्रम लक्षात ठेव: आधी ओएसटी किंवा उपचार, मग कुणाशी किती भेटायचं ते ठरव. निवासी केंद्रात जाणार असशील तर पुण्याचं मुक्तांगण 1986पासून हे काम करतंय. फक्त एक गोष्ट आईलाही सांगून ठेव. काही आठवडे बंद राहून बाहेर आलेला माणूस घसरला आणि जुन्या मापाने घेतलं, तर शरीराला ते झेपत नाही. असे मृत्यू बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत जास्त होतात.

पोलिसांची धास्ती असेल तर एवढं माहीत असू दे की स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला, थोड्या मालाच्या प्रकरणात, एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं 64ए हे कलम खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार मध्येच सोडले तर मात्र ते काढून घेता येतं.

आता या आठवड्यात काय करशील ते सांगते. बाकीच्या दोघांना पटवायच्या आधी त्याला भेट, ज्याचा रिपोर्ट आलाय त्याला. तू कुणाकडून आणलास हे विचारू नकोस. आरएनए झाली का विचार, आणि नसेल झाली तर सांग की मलाही तपासायचंय, बरोबर जाऊ. तो चिडलेला असेल, पहिल्या दिवशी शिव्या देईल, दे म्हणावं. दुसऱ्या दिवशी परत जा. दोघांचे कागद हातात आले की बाकीच्या दोघांना दाखवायला तुझ्याकडे काहीतरी असेल. तोवर त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. मैत्रिणीशी तिच्या जोडीदारासमोर बोलू नकोस, तिला 1097 दे आणि हे वेगळं सांग की तिथे ती एकटी फोन करू शकते, नाव न सांगता.

पुढे काय झालं ते मला कळव. मेल सदराच्या जुन्याच पत्त्यावर पाठव, नाव छापणार नाही.

तुझी,
ताई